खालच्या बाईंचे कान

आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं. आख्खी नोकरी फाउंड्रीत गेली, तिथल्या दणदणाटानं कान नेले. तेव्हापासून त्यांचे कान म्हणजे मी. कुकरच्या शिट्ट्या मी मोजायच्या, बेल वाजली की मी उठायचं, फोनवर व्याही काय म्हणाले ते मी ह्यांना ओरडून सांगायचं. लोकांना वाटायचं, बाई दमत असेल. कसली दमते! मला ते आवडायचं. ह्या घरात माझ्यावाचून अडतंय ते हे एक, असं मनाशी धरून बसले होते की मी.

रिटायर झाल्यावर ह्यांनी वरच्या खोलीत रेल्वे मांडली. खेळण्यातली म्हटलं की त्यांना राग येतो, मॉडेल म्हणायचं. आठ फुटी प्लायवूडचं टेबल, त्यावर गोल फिरणारे बारके रूळ, एक स्टेशन, एक बोगदा. दिसायला दृष्ट लागावी अशी. पण गाडी सुरू झाली की प्लाय असा घुमायचा, जणू कुणी आत बसून डबा बडवतंय. ह्यांना त्याचा पत्ताच नाही. "कशी पळतीया?" विचारायचे. मी म्हणायची, "लोण्यावानी." माणूस खुशीत होता, कशाला मोडता घाला?

खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं एक गाण्याच्या बाई राहतात. शाळेतनं रिटायर, एकट्या, पोरींच्या शिकवण्या घेतात. एक दिवस त्यांनी ह्यांना माझ्यासमोरच जिन्यात गाठलं आणि कानाशी येऊन गोड आवाजात सांगितलं, "गाडी छान आहे हो, पण माझं छत घुमतं. मुलींना सूर लागत नाही."

झालं! ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी घरातलं दूध मांजराला पाजलंय. दुसऱ्या दिवसापासून रुळांखाली काय घालायचं ह्याचा शोध सुरू.

आधी थर्माकोल घातला. आवाज वाढलाच. मग चप्पलवाल्याकडनं सोलचं रबर आणलं, मग गादीवाल्या चाचांकडनं नमदा, लोकर दाबून केलेला जाड. आणि तपासायची रीत कशी, तर मी वर बसून बटण फिरवायचं आणि हे खाली जाऊन बाईंना विचारायचे. बाईंचा कान तयार आहे म्हणे. मी वर एकटी, समोर ती गाडी गोल गोल, आणि खालनं कपबश्यांचा आवाज, बाईंचं हसणं, ह्यांचं मोठ्यानं बोलणं. बहिऱ्या माणसाची गंमत असते, गुपित त्याला जमतच नाही. "चहात गवती चहा हाय व्हय? झकास!" हे मी वर बसून ऐकलंय. घरी माझ्या चहाला झकास कधी म्हणाले असतील तर शपथ.

मीही एक सुचवून बघितलं. आमच्याकडं जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाचून वाकळ शिवतात. म्हटलं, "माझी एक जुनी वाकळ पसरा की रुळांखाली. आवाज पार गिळंल."

हे हसले. "गाडी पळवायची हाय, निजवायची न्हाय."

तसं बरोबरच होतं. मऊ वाकळीवर रूळ वरखाली झाले असते. पण त्याच संध्याकाळी बाईंनी चहाच्या किटलीखालची कॉर्कची चकती उचलून दाखवली, "असं काहीतरी घाला ना," आणि हे पेटलेच. "काय डोस्कं हाय बाईचं! इंजिनाच्या गॅस्केटला आम्ही हाच कॉर्क कापायचो, मला कसं सुचलं न्हाय?" सकाळी शाहूपुरीत जाऊन कॉर्कचा ताव आणला, पट्ट्या कापल्या, अंथरल्या. वरनं रूळ ठेवून बारीक खिळ्यांनी पक्के ठोकले. फाउंड्रीचा माणूस, ठोकल्याशिवाय त्याला काही पक्कं वाटत नाही.

आणि तरी छत घुमलं. थोडं कमी, पण घुमलं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वाटीभर साखर जास्त घालून शिरा केला त्या दिवशी. कारण चूक कुठं आहे ते मला बघताक्षणी कळलं होतं. वाकळीत जिथं टाका पडतो तिथं सगळे थर चिमटून एक होतात, फुगवटा राहत नाही. तसे हे खिळे कॉर्कमधून आरपार प्लायमध्ये गेलेले. रुळांचा आवाज खिळ्यातनं सरळ खाली उतरत होता, मधला कॉर्क करणार काय? हे मला कळलं आणि मी गप्प बसले. बाईंचा कॉर्क नापास होऊ दे की!

आठवडाभर गप्प. मग एका संध्याकाळी बटण फिरवता फिरवता उजेड पडला. अगं येडे, जोवर वाजतंय तोवर हे रोज खाली जाणार!

दुसऱ्या दिवशी हे भाचीच्या घरी हुपरीला गेले तशी मी पक्कड घेऊन वर गेले. हात पोचला तिथवर एकेक खिळा उपटला. चप्पलवाल्याकडचं चिकटवायचं सोल्युशन आणून रूळ नुसते कॉर्कवर चिकटवले. कंबर धरली, पण काम सरळ झालं. हे आल्यावर सांगितलं, "आज बटण तुम्ही फिरवा. खाली मी जाते."

बाईंच्या घरात मी पहिल्यांदाच अशी निवांत बसले. त्यांनी चहा दिला. जरा वेळानं म्हणाल्या, "सुरू करा म्हणावं."

"सुरूच आहे," मी म्हटलं.

बाई छताकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, हे तुम्ही केलंत ना? तुमचे हे नेहमी म्हणतात, आमच्या हिच्यासारखे कान कुणाचे नाहीत. फक्त मला बरं वाटेल तेच सांगते, म्हणून तुमच्याकडं येतो."

लोण्यावानी, लोण्यावानी, किती वर्षं म्हणत आले होते मी. बाईंचा राग आला, ह्यांचाही आला, आणि दोघांवर ओरडायला तोंड काही उरलं नाही.

तेवढ्यात जिन्यातनं ह्यांची हाक आली, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "वाजतंय का गं?"

बाई तोंड उघडणार, तोच मी उठून दारात गेले. कान देऊन ऐकलं, मधूनच बारीक घुमत होतं, आणि ओरडले, "बोगद्यात वाजतंय! आत माझा हात पोचला न्हाय, दोन खिळे राहिल्यात."

हे दोन पायऱ्या खाली उतरले. बाईंकडं बघतील म्हणून मी वाटच बघत होते. बघितलं नाही. "नक्की दोनच?" मला विचारलं.

"दोनच."

पक्कड घेऊन आम्ही दोघं वर गेलो. जायच्या आधी मी तो गवती चहा सगळा संपवला. चांगला झाला होता. ते मात्र मी बाईंना अजून सांगितलेलं नाही.