दारामागचं बजेट

त्या वर्षी निवडणुका झाल्या होत्या, म्हणून बजेट जूनच्या तोंडावर आलं. संध्याकाळी पाचला सांगलीच्या आमच्या घरात टीव्हीसमोर सासरे, माझे यजमान आणि शेजारचे दोघे बसले. मी कुठे होते? स्वयंपाकघराच्या दारामागे, डोक्यावर पदर, पायाशी लहान पोर, डोक्यात अर्थशास्त्राची एम.ए. पदवी.

सासर मूळचं मेढ्याकडचं. सुनेनं सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही, ही रीत तिकडून सांगलीपर्यंत आली होती. जे सांगायचं ते सासूबाईंमार्फत. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू आणि त्या उंबऱ्यातच बसत.

भाषण संपलं आणि वाद पेटला. यजमानांचं कुपवाडला लहानसं वर्कशॉप. ते म्हणाले, "कर कमी करा, कारखाने वाढतील, पोरांना कामं मिळतील."

सासरे म्हणाले, "कर न्हाई तर रस्ता कुठनं? साळा कुठनं? तुझा कारखाना काय हवेत चालतोय व्हय?"

मला राहवेना. मी दारामागून कुजबुजले, "आत्याबाई, त्यांना सांगा, अप्रत्यक्ष करांचा भार अल्प उत्पन्न गटावर विषम प्रमाणात पडतो."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. असं बोलणाऱ्या बाईला भाकरी तरी कशी जमते, असं त्यांच्या मनात आलं असणार. मग बाहेर वळून म्हणाल्या, "आवं, ती म्हनती, काडेपेटीवरचा कर शेट बी तेवढाच भरतो आन् मोलकरीन बी तेवढाच. ह्यो कुठला न्याय?"

शेजाऱ्यांनी मान डोलावली. सासरे म्हणाले, "हे बराबर हाय."

मी दारामागे फुगले. वाटलं, दिल्लीत माझी जागा रिकामी आहे! वास्तविक माझी जागा आष्ट्याच्या कॉलेजात रिकामी होती. शिकवायला याल का, असा निरोप आला होता आणि दोन दिवसांत कळवायचं होतं. हे फक्त आत्याबाईंना माहीत होतं. घरात सांगण्याची हिंमत होत नव्हती. देशातल्या बेकारीवर मात्र मी तासभर बोलू शकत होते.

तो विषयही निघालाच. यजमान म्हणाले, "माणसांना काम मिळालं की देश वाढतो." मी लगेच कुजबुजले, "आत्याबाई, सांगा, शिकलेलं मनुष्यबळ वापराविना पडून राहणं ही राष्ट्रीय हानी आहे."

आत्याबाई बाहेर वळल्या. मग खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ती म्हनती, आष्ट्याच्या कॉलेजात तिला शिकवायला बोलावलंय. परवापर्यंत कळवायचं हाय. जाऊ का, म्हनून इचारती."

मी असलं काही म्हटलंच नव्हतं! मी त्यांचा पदर ओढला. त्यांनी माझा हात झटकला.

टीव्ही कुणीतरी बंद केला. यजमान माझ्याकडे, म्हणजे दाराकडे, बघत राहिले. सासरे म्हणाले, "पोराचं कोन बघनार?"

"मी हाय की," आत्याबाई म्हणाल्या. "का मी बी कुठं कामाला चाललीय?"

"आन् जायचं कसं?"

"एस्टीनं. स्टँडावर जाऊन इचारून आलीय मी."

सासरे हसले. मग थेट दाराला म्हणाले, "सूनबाई, बाहेर या. तुमाला जायचं हाय का, तुमच्या तोंडानं सांगा."

मी बाहेर आले. विषम प्रमाण, मनुष्यबळ, राष्ट्रीय हानी, सगळे शब्द पळाले. चार माणसांसमोर ह्या अर्थपंडितेच्या तोंडून एकच शब्द निघाला, "व्हय."

"मग जावा," सासरे म्हणाले. "पन बजेटचं भांडायचं तर हितनं फुडं समोर बसून."

पुढे मी आष्ट्याला निवृत्त होईपर्यंत शिकवलं. दर बजेटला सासऱ्यांसमोर बसून भांडलेही आणि एकदाही जिंकले नाही. दारामागून जिंकायचे, कारण तेव्हा बोलायच्या आत्याबाई.