सुमित्राकाकूंच्या चार कुंड्या

२००५ साली मी फ्रीमाँटला सुमित्राकाकूंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. त्या उन्हाळ्यात काकूंनी गांजा लावला. हा शब्द त्यांच्या घरात कोणी उच्चारायचं नाही, असा अलिखित नियम होता. काकू 'औषध' म्हणायच्या. एकनाथकाका मुद्दाम 'शंकराचं झाड' म्हणायचे, मग काकू डोळे वटारायच्या.

काकांची केमो एप्रिलमध्ये सुरू झाली. जन्मभर सर्किट बोर्ड तपासलेला माणूस, बोलायला तिरकस आणि खाण्याचा भारी शौकीन. आता वरण उकळलं तरी नाकावर रुमाल धरायचे. वजन इतकं उतरलं की डॉक्टर म्हणाले, आणखी घटलं तर पुढचे डोस थांबवावे लागतील. मळमळीच्या गोळ्यांचा उपयोग होईना, म्हणून त्यांनीच चिठ्ठी लिहून दिली. कॅलिफोर्नियात त्या चिठ्ठीवर गांजा विकत मिळायचा आणि थोडी रोपं घरी लावताही यायची. दुकानाचं नाव काकांनी काढू दिलं नाही. "रांगेत महाराष्ट्र मंडळातलं कोणी भेटलं तर काय सांगू? प्रसादाला आलोय?"

मग काकूंनी लावायचंच ठरवलं. बिया शेजारच्या डगने दिल्या. डग म्हणजे दाढीवाला, निवृत्त ट्रक ड्रायव्हर. पाठीच्या दुखण्यासाठी त्याच्याकडेही तशीच चिठ्ठी होती. काकूंना वाटलं होतं मेथीसारखं असेल, पेरलं की महिन्याभरात हाताशी. डगने कुंपणावरून सांगितलं, ऑक्टोबर उजाडेल. संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, केमोची दुसरी फेरी थंडीत आहे, तेव्हा कामाला येईल. आत्ताचं मी बघते.

आत्ताचं बघायचं म्हणजे खायला घालायचं. भाताची पेज, मग शिरा, मग दूध-पोहे, मग पुन्हा पेज. "दोनच घास, अहो." काका मान फिरवत. वाटी आत जाई आणि जरा वेळाने तीच वाटी दुसरा पदार्थ घेऊन बाहेर येई.

रोपं छान उगवली. चार कुंड्या, मागच्या अंगणात, तुळशीच्या शेजारी. दुपारचं ऊन लागू नये म्हणून काकूंनी वर जुनी कॉटनची साडी बांधली. सकाळी आंघोळ झाली की तांब्याभर पाणी तुळशीला, आणि तसंच या चौघांना. पण दुसरं पान नीट फुटायच्या आत एक रोप आडवं झालं. मातीपाशी देठ दोऱ्यासारखा बारीक झाला होता. काकूंना वाटलं, उन्हाने सुकलं. त्यांनी पाणी वाढवलं. आणखी एक आडवं झालं.

डगला बोलावलं. "एव्हरी डे वॉटर, डग. वन डे पण मिस नाही," काकू रडवेल्या होऊन सांगत होत्या.

"तेच तर झालंय, सू," डग म्हणाला. त्याने कुंडी उचलून त्यांच्या हातात दिली. ती चांगलीच जड होती. त्याचं म्हणणं सोपं होतं: रोज आधी कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तरच पाणी घालायचं, नाहीतर हात लावायचा नाही.

रिकाम्या दोन कुंड्यांत काकूंनी नवी माती भरली, नव्या बिया टोचल्या. पण उचलून नुसतं परत ठेवायचं, हे काही त्यांना जमेना. "दाराशी असलेल्याला तहानेलं कसं ठेवू गं?" मला विचारायच्या. तांब्या हातात असला की मोह होतो, म्हणून तुळशीचं पाणी झाल्यावर तो स्वयंपाकघरात ठेवून यायच्या आणि मग रिकाम्या हातांनी कुंड्यांपाशी जायच्या.

चारही रोपं वीतभर झाली तेव्हा मंडळाच्या लताकाकू काकांना बघायला आल्या. त्या मूळच्या नागपूरच्या. अंगणात डोकावून, ती पंजासारखी पानं बघून म्हणाल्या, "अय्या, अंबाडी! जरा मोठी झाली की भाजीपुरती दे हं मला." आत पलंगावर काकांना इतकं हसू आलं की ठसका लागला. कित्येक आठवड्यांत ते पहिल्यांदा हसले होते. काकूंनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की या जातीची भाजी होत नाही.

त्यानंतर काका दुपारी अंगणाच्या काचेच्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागले. काकू कुंड्या उचलत, ते बघत. असंच एकदा काकू हात धुऊन खिरीची वाटी घेऊन आल्या.

"कुंडी आधी उचलून बघतेस ना?" काकांनी विचारलं.

"हो. का?"

"मग मलाही बघत जा. मी अजून जड आहे गं."

काकू वाटी घेऊन आत गेल्या. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी वाटी आली नाही. सकाळी फक्त एवढंच विचारलं गेलं, काही हवंय का, आणि नको म्हटल्यावर काकू वळल्या. गुरुवारी दवाखान्यात वजन व्हायचं होतं. त्या आठवड्यात काकूंनी सगळी कपाटं आवरली, माझंसुद्धा. मध्येच हातातली घडी तशीच ठेवून बाहेरच्या खोलीकडे बघायच्या आणि पुन्हा घडीकडे वळायच्या. काकांनी स्वतःहून मागितलं ते म्हणजे एकदा ताक आणि एकदा नुसती साखर.

बुधवारी संध्याकाळी आम्ही तिघं अंगणात होतो. कुंपणापलीकडे डग शेगडीवर काहीतरी भाजत होता आणि धूर सरळ आमच्याकडे येत होता. काकू घाईने काकांची खुर्ची आत न्यायला उठल्या.

"थांब," काका म्हणाले. त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. "मक्याची कणसं आहेत ती. विचार ना त्याला."

डगने कुंपणावरून कणीस दिलं, लोणी लावलेलं. काका एकेक दाणा नखाने सुटा करून तोंडात टाकत होते. काकू त्यांच्याकडे पाठ करून तुळशीची वाळलेली पानं काढत बसल्या, नव्हती तीसुद्धा. अर्धं कणीस झालं. पाऊण झालं.

"मीठ कमी आहे," काका म्हणाले.

काकू मीठ आणायला आत गेल्या. मीठ ओट्यावरच होतं, तरी त्यांना यायला बराच वेळ लागला.