बिळाच्या तोंडाशी बसलेला साप

"ओरडू नकोस, जागची हलू नकोस," आमचे हे मागनं दबक्या आवाजात म्हणाले, आणि माझी हाक तोंडातच राहिली. समोर चार वर्षांची लेक झुडपाखाली उंदराच्या बिळाशी उकिडवी बसलेली, आणि तिच्या चपलेपासून वीतभर लांब, वाळूत दोन डोळे. वर दोन बारकी शिंगं. बाकी साप सगळा वाळूखाली.

"मम्मी लुक, इट हॅज हॉर्न्स!"

वाळवंटातल्या खलिफा सिटीत तेव्हा व्हिला थोडे, वाळू जास्त. हे एका अरबाकडे ड्रायव्हर. शुक्रवारची सुट्टी, म्हणून डब्यात पोहे घेऊन मागच्या वाळूत आलो होतो. ह्यांना शिकारीचं भारी वेड. मालकाचे म्हातारे वडील ससाणा पाळायचे, ते ह्यांना सांगायचे, बिळातलं जनावर धरायचं तर आधी त्याला रोज खाणाऱ्यांकडे बघ. खोकड वारा तोंडावर घेत येतं, म्हणजे त्याचा वास बिळात जात नाही. घुबडाच्या पंखांचा आवाज होत नाही. आणि साप पाठलागच करत नाही, बिळाच्या तोंडाशी वाळूत पुरून घेतो, काही हललं की डसतो. ह्यांनी कौतुकानं लेकीलाही तेच शिकवलेलं, बिळाशी गप्प बसायचं, उंदीर आपणहून बाहेर येतो. ती बापाचं ऐकून बसली होती! एकाच बिळावर दोघं टपलेले.

मी सातवी शिकलेली, मला एवढंच कळत होतं की ओरडले तर ती दचकणार, गप्प राहिले तर शिंगांना बोट लावणार. आणि तिनं हात पुढे केलाच.

"बाळा," मी म्हटलं, अगदी हळू, "स्टॅच्यू!"

केजीतल्या पोरांचा खेळ. ती तशीच थिजली, हात हवेत. हे लांबून वळसा घालून, सावली पुढे पडू न देता, तिच्या मागं गेले अन् बगलेत धरून तिला मागं खेचलं. साप जागचा हलला नाही.

"यल्ला, चला, गाडीत बसा," हे म्हणाले. तोंड पांढरंफटक.

लेक रुसली. "मम्मी, यू डिडन्ट से ओव्हर!"

फोनवर सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "पोरगी सापापुढं अन् आई खेळ खेळतेय? मी असते तर धावत जाऊन उचलली असती गं!"

हे म्हणतात, धावली असतीस तर डसलाच असता. मला अजून कळत नाही. लेकीनं ऐकलंच नसतं तर? तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं?