उलटा लॉक

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. गाडीत काय चुकलंय ते ओळखायचं आणि सांगायचं, एवढ्याचाच मला पगार मिळतो. म्हणून त्या रविवारची गोष्ट सांगताना माझी नजर अजूनही खाली जाते.

साताऱ्याच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत, एका मुरमाड माळावर थंडीच्या दिवसांत मोटरसायकलच्या शर्यती होतात. मातीचे उंचवटे, आखूड वळणं, उड्या. शुक्रवारी गाड्यांची तपासणी आणि सराव, शनिवारी पात्रता फेरी, रविवारी शर्यत आणि बक्षिसं. आम्ही चार मित्र तिन्ही दिवस तिथंच पडलेले असतो. एकाची जीप, मागं सतरंजी, पाण्याचा जार आणि डबाभर भडंग. आमच्यातले एक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांचा आवाज इतका मोठा, की माइकवर बोलणाराही मधून मधून थांबून त्यांच्याकडं बघतो.

गेल्या वर्षी आमचं वेड जरा जास्तच वाढलं होतं, कारण माझा एक जुना विद्यार्थी पहिल्यांदाच मोठ्या गटात उतरला होता. मेढ्याकडचा पोरगा. चोविशीचा, कमी बोलणारा, वडील सैन्यात. घाटातल्या रस्त्यांवर लहानपणापासून गाडी हाणलेली, त्यामुळं वळणावर त्याचा हात कुणी धरत नसे. शुक्रवारच्या सरावात तो सगळ्यांत पुढं होता. सुभेदार दर फेरीला उभं राहून ओरडत होते, आणि मी शेजारच्या अनोळखी माणसांनाही सांगत होतो, ‘माझा विद्यार्थी हाय बरं का.’

शनिवारी दुपारी ते चित्र पालटलं. सांगलीकडची एक मुलगी होती, तेवीस-चोवीस वर्षांची. त्या गटातली एकटीच मुलगी. शुक्रवारी तिची गाडी नीट चालत नव्हती म्हणून आम्ही तिच्याकडं लक्षच दिलं नव्हतं. पात्रता फेरीत तिनं मोठ्या उडीवर गॅस न सोडता गाडी उडवली, पलीकडं हलकी टेकवली आणि आमच्या पोराला अर्ध्या सेकंदानं मागं टाकलं. मग सांगलीकरांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या.

“सर, तुमचा पठ्ठ्या पोरीच्या मागं पळतोय उद्या,” सुभेदार म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या फेरीला ती आमच्या समोरून गेली तेव्हा आमच्यातल्या कुणीतरी “घरी जाऊन भाकऱ्या थाप” असं ओरडलं. कुणीतरी, असं मी लिहितो आहे, पण तो मीच होतो. हेल्मेटच्या आत तिला ते ऐकू गेलं नसेल. दोरीपलीकडं तिचे वडील उभे होते. त्यांना गेलं असेल.

रविवारी सकाळी शर्यतीच्या आधी प्रेक्षकांना तंबूंमधून हिंडता येतं. आमच्या पोराला भेटून मी परत निघालो, तर वाटेत त्या मुलीचा तंबू लागला. तिचे वडील उकिडवे बसून फडक्यानं गाडीची टाकी पुसत होते. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. मला बघून ते उठले.

“आवं सर, तुमी आयटीआयचं सर न्हवं? काल माइकवर सांगत हुतं.”

“व्हय.”

“बरं झालं आलासा. काल सांजच्याला चेन बदलली. जुनी लय ताणली हुती. मी काय मेकॅनिक न्हाई, बेदाण्याचा व्यापारी. पोरीच्या नादानं हे समदं शिकलो. जरा नजर टाका की.”

मी वाकलो. पहिल्या नजरेतच दिसलं.

चेनची दोन टोकं जिथं जोडतात तिथं एक छोटीशी क्लिप असते. आम्ही तिला लॉक म्हणतो. तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं. उलटं बसवलं, तर दगडमाती लागून क्लिप निसटू शकते आणि चेन सुटते. नेहमीच सुटते असं नाही. कधी कधी वर्षभर टिकते. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे पहिल्याच महिन्यात शिकवतो, आणि जो उलटं लावेल त्याला वर्गाबाहेर उभा करतो.

त्यांच्या गाडीचा लॉक उलटा होता.

पक्कड त्यांच्या पायाशीच पडलेली होती. काम मिनिटाभराचं. मुलगी हेल्मेट काखेत धरून आली आणि म्हणाली, “कशी वाटतीया सर गाडी?” तिनं मला नमस्कारही केला. त्या क्षणी माझ्या डोक्यात भीती नव्हती, राग नव्हता. बक्षीस समारंभात विजेत्याबरोबर त्याच्या गुरूलाही वर बोलावणार आहेत, हे आयोजकांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मी धुतलेला शर्ट घालून आलो होतो. डोक्यात होतं ते एवढंच.

“चेनचा ताण अगदी बरोबर आहे,” मी म्हणालो.

ताण खरंच बरोबर होता. खोटं बोलायला मी खरं वाक्य निवडलं.

त्यांचा चेहरा उजळला. पिशवीतून मूठभर बेदाणे काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. “आमच्या घरचं हायत,” म्हणाले. जीपपर्यंत चालत जाताना मी ते खाल्ले.

शर्यत दहा फेऱ्यांची. झेंडा पडल्यापासून ती पुढं, आमचा पोरगा तिच्या मागच्या चाकाला चिकटलेला. पहिल्या तीन-चार फेऱ्या मी स्वतःला सांगत होतो की लॉक टिकेल. माझ्यापासून तीसेक पावलांवर पिवळा झेंडा घेतलेला पंच उभा होता. त्याला जाऊन सांगितलं असतं तर त्यानं तिला थांबवलं असतं. मी त्याच्याकडं बघत होतो आणि जागचा हलत नव्हतो. सहाव्या फेरीपासून मी मनातल्या मनात देवाला काहीतरी म्हणत होतो. लॉक टिकू दे म्हणत होतो की निसटू दे, ते आजही मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

आठव्या फेरीला ती मोठ्या उडीवरून खाली आली आणि चेन सुटून चाकात अडकली. मागचं चाक जाम झालं. गाडी आडवी झाली, ती हँडलवरून पुढं फेकली गेली आणि खांद्यावर आपटली. आमच्या पोरानं हँडल मारून तिला चुकवलं आणि तो पुढं निघून गेला. आमच्या बाजूनं आरोळी उठली. सुभेदारांनी टोपी हवेत उडवली. दोरीखालून एक पांढरी टोपी घातलेला माणूस वाकून, धडपडत धावत सुटला.

पोरगा पहिला आला. ट्रॉफी घेताना तो हसत नव्हता. सतत अँब्युलन्स गेली त्या वाटेकडं बघत होता. माइकवरून माझं नाव पुकारलं गेलं. मी पायऱ्या चढलो. पोरानं सगळ्यांसमोर वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि कुणीतरी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. फोटो निघाले. सुभेदार खालून ओरडत होते, “आमचं सर! आमचं सर!” मी हात वर केला. फोटोत मी हसतो आहे. तो फोटो त्या संध्याकाळी साताऱ्यातल्या निम्म्या ओळखीच्यांच्या स्टेटसला होता.

घरी बायकोनं विचारलं, “चेहरा का असा?”

“ऊन लागलं,” म्हणालो.

मुलीचं खांद्याजवळचं हासळीचं हाड आणि मनगट मोडल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. सांगलीला नेलं, जिवाला धोका नाही, असं आयोजकांनी फोनवर सांगितलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटलं याची पुन्हा लाज वाटली. तीन आठवडे मी तसेच काढले. मग वर्गात चेन आणि तिच्या दातेरी चाकाचा, म्हणजे स्प्रॉकेटचा, धडा आला. मी लॉक हातात धरून उभा राहिलो. पहिल्या बाकावरच्या मुलानं नेहमीचाच प्रश्न विचारला, “सर, उलटा बसला तर काय होतं?” तास अर्ध्यावर सोडून मी स्टाफरूममध्ये जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं सांगली गाठली.

गाव सांगलीपासून जवळच होतं. पत्ता आयोजकांकडून घेतला होता. घराच्या मागं बेदाण्याची शेड, पुढं पडवी. वडील पडवीत बसले होते. मला ओळखून ते लगबगीनं उठले.

“साताऱ्याहून आलासा? पोरीला बघाय? या, या. कुणी आलं न्हाई वो तिकडनं.”

त्यांनी खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. मी तोंड उघडायच्या आधीच ते बोलायला लागले. “माझ्या हातानं झालं सर. आमी जैन, आमचं जेवान दिवस मावळायच्या आत उरकावं लागतंय. त्या दिशी पोरगी म्हणत हुती, आप्पा, आदी जेवून घ्या. मी म्हटलं, एवढा लॉक लावतो आन् येतो. घाईघाईत उलटा लावला. मागनं एका मेकॅनिकनं दाखवलं मला. तवापास्नं गाडीला हात लावला न्हाई.” मग माझ्याकडं बघून, मलाच धीर दिल्यासारखं म्हणाले, “तुमच्यासारख्याच्या बी नजरंत आलं न्हाई, तर माझी काय कथा.”

“आलं होतं,” मी म्हणालो.

“काय?”

“नजरेत आलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाच. मी मुद्दाम बोललो नाही.”

त्यांना ते लगेच कळलं नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मुलगी दारात येऊन उभी होती, हात गळ्यात अडकवलेला. तिला कळलं होतं.

“का?” तिनं विचारलं.

“तू पहिली येशील म्हणून.”

एसटीत चार तास मी या उत्तराची जुळवाजुळव केली होती. तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच, आणि ते फार क्षुद्र वाटलं.

ती म्हणाली, “मी पहिली आले असते का न्हाई, ते आता कुणालाच कळायचं न्हाई.” आवाज चढवला नाही तिनं. वडील उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. परत आले तेव्हा डोळे लाल होते.

“तीन आठवडं मी माझ्या ह्या हातास्नी शिव्या घातल्या,” ते म्हणाले. “सर, तुमी येऊन सांगितलंसा ते बरं केलंसा. पर आता निगा.”

मी उठलो. फाटकापर्यंत मुलगी मागोमाग आली. मला वाटलं, काही कडक बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

“तुमच्या त्या पोराला म्हाईत हाय ह्ये?”

“नाही.”

“त्याला सांगा.”

साताऱ्यात परतल्यावर आधी मी सुभेदारांना सांगितलं. सोप्यापासून सुरुवात केली म्हणायची. ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “गड्या, लढाईत असंच असतंय. लॉक तुमी थोडाच लावला हुता?” ते मनापासून बोलत होते. त्यांच्या जीपमधून मी त्यानंतर कुठं गेलेलो नाही.

पोराला घरी बोलावलं. बायको बाहेर गेली होती. त्याला खुर्चीत बसवून मी सगळं सांगितलं, भाकऱ्या थाप म्हणून ओरडलो तेही. तो खाली मान घालून ऐकत होता. मधे एकदा त्यानं हात वर केला, थांबा म्हणायला असावा, पण मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो.

बोलून झाल्यावर त्यानं मान वर केली.

“सर, ती माझी पहिली ट्रॉफी होती,” तो म्हणाला.

एवढंच. मग त्यानं फोन काढला आणि त्या मुलीचा नंबर माझ्याकडं मागितला. माझ्याजवळ तिच्या वडिलांचा होता, तो दिला. त्यानं तो नीट वाचून परत खात्री करून घेतली आणि जिना उतरून गेला. त्यांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. तो रस्त्यात भेटला तर अजूनही थांबतो, ‘बरं आहे ना सर’ म्हणतो. त्या दोघांच्या बोलण्याचं मी कधी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला उरला आहे, असं मला वाटत नाही.