तळ्यापलीकडचं लुगडं

लग्न होऊन नागपूरहून बंगळुरूला आले तेव्हा आमच्या घरामागं तळं होतं, म्हणजे नावापुरतं होतं. कित्येक वर्षं त्यात पाणीच नव्हतं. बाभळी माजल्या होत्या, शेळ्या चरायच्या, रविवारी पोरं क्रिकेट खेळायची. घरमालकीण तरीही ‘केरे, केरे’ म्हणत ते तळं अशा तोऱ्यात दाखवायची की मला हसू यायचं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नवरा सकाळी सातला कंपनीच्या बसनं जायचा, तो संध्याकाळी सातला परत. मधल्या बारा तासांत माझं बोलणं व्हायचं ते भाजीवाल्याशी, तेही बोटांनी.

अक्का मला त्या कोरड्या तळ्यातच भेटली. तिच्या अंगणातली अबोली खाऊन पळालेल्या शेळीला ती चक्क मराठीत शिव्या घालत होती. मी जागच्या जागी थांबले. इतक्या शिव्या ऐकून कुणाला रडू आलं नसेल, मला आलं.

तिचं घर बरोबर समोरच्या काठावर होतं. तिची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथली. मराठी घरात बोलायची, तीही अर्धी कन्नड. साठी उलटलेली, विधवा, एकटी, मुलगा म्हैसूरला. मी रोज दुपारी तळं तुडवत तिच्याकडे जाऊ लागले. दहा मिनिटांची वाट. "आलीस गे? सरी, बस. स्वल्प काफी घे," एवढं म्हणून ती जी सुरू व्हायची ती मी निघेपर्यंत.

एकदोनदा ती चामराजपेटला नातेवाइकांकडे गेलेली असताना मी उन्हातून जाऊन कुलूप बघून परतले आणि दुसऱ्या दिवशी चांगली फणफणले. तेव्हा तिनं युक्ती काढली. घरी असली की गच्चीवर हळदी रंगाचं इरकली लुगडं वाळत टाकायची. माझ्या गच्चीवरून ते स्वच्छ दिसायचं. लुगडं दिसलं की मी चपला घालायची. अशी दोन वर्षं गेली.

मग त्या वर्षी गौरी-गणपती झाले आणि पाऊस जो लागला तो थांबेचना. आधी वाटेवर चिखल झाला, मग डबकी, आणि आठवड्याभरात बाभळी शेंड्यापर्यंत बुडाल्या. लोक छत्र्या घेऊन पाणी बघायला यायचे. घरमालकिणीनं शेजारीपाजारी गोड भात वाटला. मी माझा कावळ्याला घातला. सगळ्या गावाला आनंद झाला होता आणि मला त्या पाण्याचा संताप येत होता.

समोर लुगडं दिसत होतं. तिच्याकडे फोन नव्हता. रस्त्यानं जायचं तर आधी एका बसनं जयनगर, तिथून दुसरी बस, आणि पुढं चिखलातून पायपीट. उद्या जाऊ, पाऊस थांबला की जाऊ, असं करत मी दिवस ढकलले. लुगडं मात्र भर पावसातही गच्चीवरच. मी ओळखलं, बाई रुसली. मी आल्याशिवाय ते काढायचं नाही, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. तिचा हट्ट मला माहीत होता. मी मुळात तिरसट. मलाही राग आला. तिला बस पकडता येत नाही का, म्हातारी चामराजपेटला जाते ती कशी? मग मीही रुसले. पण रोज सकाळी उठल्याबरोबर गच्चीवर जाऊन बघायची. आहे म्हटलं की बरं वाटायचं आणि कामाला लागायची.

महिनाभरानं तळं काठोकाठ भरलं. इकडे तळं भरलं की बायका बागिन देतात: सुपात हळदकुंकू, बांगड्या, खण, नारळ ठेवतात, वर दुसरं सूप झाकतात आणि गंगेची ओटी म्हणून पाण्यात सोडतात. घरमालकिणीनं मलाही ओढून नेलं. मी सूप हातात धरून पाण्यात उतरले आणि समोर बघितलं. किती दिवसांनी ऊन पडलं होतं. लुगडं पार विटलं होतं. त्याचं एक टोक फाटून लोंबत होतं. अक्का रुसली तर वर्षभर रुसेल, पण इरकली लुगडं फाटू देणार नाही. सूप घरमालकिणीच्या हातात दिलं आणि तशीच ओल्या पायांनी बस गाठली.

अक्काच्या दाराला कुलूप होतं. भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत पाण्याची खूण. शेजारीण बाहेर आली. मोडक्या हिंदीत तिनं विचारलं, "तळ्यातून चालत यायचीस ती तूच ना?"

तिच्याकडूनच कळलं, पहिले आठ दिवस अक्का घरीच होती. रोज दुपारी काफी करून ठेवायची. मग रस्त्याकडून पावसाचा लोंढा घरात शिरला आणि मुलगा येऊन तिला म्हैसूरला घेऊन गेला. जाताना शेजारणीला बजावून गेली, गच्चीवरचं लुगडं काढू नकोस. ती पोरगी तिकडून रोज बघते, दिसलं नाही तर घाबरेल. मुलाचा पत्ता शेजारणीला ठाऊक नव्हता. अक्का पुन्हा मला भेटली नाही.

लुगडं काढायला मी बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर गेले. दोन वर्षांत तिथं मी कधी चढलेच नव्हते. मधे सगळं पाणीच पाणी, आणि पलीकडे आमचं घर, खिडक्यांसकट दिसत होतं. ते आठ दिवस ती इथं उभी राहून तिकडे बघत असणार. आमच्या गच्चीवर काहीच नव्हतं.