ठमीची साखर

मोहरीहून बारीक स्क्रू चिमट्याने बसवणाऱ्या माणसाचं मांजराच्या कानापुढे काही चालू नये, हे घड्याळकाकांना फार लागलं होतं. ठमीला मधुमेह निघाल्यापासून डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन ठरवून दिलं होतं, आणि रोज सकाळी कानाच्या कडेला सुई टोचून, साखर तपासून आकडा वहीत लिहायला सांगितलं होतं.

काका रीतीचे पक्के. नवं हत्यार आधी आपल्या घड्याळावर चालवायचं, मग गिऱ्हाइकाच्या. म्हणून ते आधी स्वतःचं बोट टोचत, थेंब साखर मोजायच्या यंत्राच्या पट्टीला लावत आणि ठमीला म्हणत, "बघ, मुंगी चावल्यासारखं. काही दुखत नाही." ठमी तोंड फिरवी. मग सुई-पट्टी बदलून तिचा कान. कापूस दाबून, तिला सोडून चष्मा सापडेपर्यंत यंत्राचा पडदा विझलेला असे. पण बटण दाबलं की झालेले आकडे एकेक करून दिसत. पहिला आपला, दुसरा ठमीचा, असं धरून काका दुसरा वहीत उतरवत.

तीनशे. दोनशे अठ्ठ्याण्णव. तीनशे बारा. नऊ दिवस झाले, आकडा काही उतरेना. काकांची मती गुंग झाली. इन्सुलिन चुकत नव्हतं, खाणं मोजून होतं, आणि ही बया कपाटावर उड्या मारत होती.

"मांजर तर ठणठणीत दिसतंय," काकू म्हणाल्या. "तुमचे आकडेच खुळे असतील."

"अगं, यंत्र कशाला खोटं बोलेल?"

दहाव्या दिवशी त्यांनी फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोस वाढवावा लागेल. पण आधी तिला एकदा दाखवा." काकांनी लगेच ठमीला टोपलीत घातलं. बारा वर्षांची सोबत होती ती.

दवाखान्यात ठमीची साखर भरली एकशे सव्वीस. डॉक्टरीणबाईंनी दोनदा पाहिलं, मग काकांचं यंत्र मागून घेतलं.

"रोज दोन-दोन आकडे कसे?"

"पहिला माझा. आधी मी माझं बोट टोचतो ना."

"काका, हे यंत्र शेवटचा आकडा आधी दाखवतं."

"असं उलटं कसं? आधीचं आधीच यायला हवं. घड्याळ कधी मागे चालतं का?"

"आज डोस वाढवला असता तर साखर फार उतरून ठमी हातची गेली असती."

काकांनी ठमीला छातीशी धरलं. डोळे पुसत ते हसायलाच लागले. "म्हणजे बरी आहे माझी बाय! ऐकलंस का गं?"

काकू हसल्या नाहीत. महिनाभर घरातला पाण्याचा तांब्या भरल्या भरल्या रिकामा होत होता, आणि काका उन्हाळ्याला नावं ठेवत होते.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मग ते तीनशे बारा कुणाचे?"

काकांनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा ठमीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुई काकूंनी हातात घेतली. "मुंगी चावल्यासारखं, काही दुखत नाही," त्या म्हणाल्या. नऊ दिवस हसत टोचून घेतलेलं बोट काकांनी झटकन मागे ओढलं. आज ते गिऱ्हाइकाचं होतं.