बायकोचे मामा आणि प्रोटीनचा मणी

बायकोच्या मामांइतकं निरुपयोगी ज्ञान अख्ख्या इंदूरमध्ये कुणी जमवलं नसेल. ते मिलमध्ये टाइमकीपर होते. आमच्या लग्नानंतर मिलला कुलूप लागलं तरी मामा सकाळी डबा घेऊन निघतच राहिले, फक्त आता कॉलेजच्या लायब्ररीत. सारं शहर शेअर आणि केबलबद्दल बोलायचं, मामा प्रोटीनबद्दल. राजवाड्याजवळच्या पोहेवाल्याला म्हणत, "भिया, मेंदूच्या पेशी एकमेकींना धरून असतात. धरायला प्रोटीनची माळ. एका मण्याची घडी चुकली की पकड सुटली!" तो मसाल्याची डबी उचलत म्हणे, "सही बात, मामाजी. जीरावन डालूं?" मामांचे हात कायम पँटच्या खिशात, नमस्कारसुद्धा मानेनंच. आमच्या लग्नात वऱ्हाडानं त्यांचं नाव 'कलेक्टरसाहेब' ठेवलं. मीही हसलो होतो.

मग आमचा मुलगा झाला. डोक्यात पाणी, अंगठे तळव्यात मुडपलेले. आई म्हणाली, "ग्रहणात मूठ वळून बसली असणार. शंभरदा बजावलं होतं!" बायको दिवसभर आठवत बसे, खरंच वळली होती का. मी बायॉलॉजीचा लेक्चरर, तरी आईपुढे गप्प. शिवाय लग्नाच्या पंगतीत मामांचा हात मी पाहिला होता. अंगठा अगदी असाच. पण बोललो तर आई म्हणेल, 'अशा घरातली मुलगी केलीसच कशाला?' म्हणून तेही गिळलं.

शेवटी रक्ताचा रिपोर्ट आला: चेतापेशींना जोडणाऱ्या प्रोटीनच्या एका डोमेनमध्ये, म्हणजे मामांच्या भाषेत माळेच्या एका मण्यात, म्युटेशन. मामांनी तो दोनदा वाचला आणि आईसमोर दोन्ही हात टेबलावर पसरले. अंगठे आत वळलेले.

"विहीणबाई, माझ्या वेळी कुठलं ग्रहण होतं? हे माझ्या आईकडून मला आणि ताईला आलं, आणि ताईकडून हिच्यामार्फत ह्याला. मला हलकं लागलं, ह्याला जोरात. कुणी काही केलेलं नाही."

"मग लग्नाआधी सांगायचं होतंत!"

"मलाच कुठे ठाऊक होतं? मिल बंद पडली तेव्हा कुठे वाचायला सवड मिळाली."

आई चहा टाकायला उठली. बायको आत जाऊन आडवी झाली आणि सबंध दुपार गाढ झोपली, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच.

मामा आता नाहीत. मुलगा काठी टेकत कॉलेजात जातो. मामांचा अंगठा मला लग्नातच दिसला होता, हे मी बायकोला आजवर सांगितलेलं नाही. ती स्वयंपाकघरात आहे. हे सगळं लिहिलेला हा कागद सगळ्यांच्या आधी तिला देतो.